ताई, एक विचारायचं होतं : पिशवी अजून दारामागंच आहे

या महिन्यात पत्रं नेहमीपेक्षा कमी आली, पण जी आली ती सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मूल कुणाचं आणि घर कुणाचं. त्यामुळं सासू-सुनांचे आणि केस गळतीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी विट्याजवळच्या एका गावात असते. आमच्या ह्यांचं तामिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, वर्षातून दोनदा गावी येतात, बाकी घरात मी, सासरे आणि आमची मुलगी, सातवीला आहे. माझी नणंद खटाव तालुक्यात दिलेली. तिला तीन मुली, तिसरी झाली तेव्हा सासरच्यांनी तिचं नाव नकुसा ठेवलं, असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. मुलगा काय झाला नाही, नणंदच काविळीनं गेली. मालकांनी तिच्या वर्षश्राद्धाच्या आधीच दुसरं लग्न केलं, त्या बाईला मुलगा झाला. थोरल्या दोघी धारा काढतात, रानात जातात म्हणून त्यांना ठेवलं आणि हिला काढलं. आधी आजीकडं होती, आजीला लकवा मारला. मग चुलत्याकडं पुण्याला, तिथून आत्याकडं फलटणला, आणि दिवाळीत आमच्याकडं "चार दिवस ठेवा" म्हणून आणून सोडली ती कुणी न्यायलाच आलं नाही. नऊ वर्षांची आहे.

ताई, पोरगी एवढी शहाणी आहे की मला भीती वाटते. जेवून स्वतःचं ताट स्वतः घासते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "मामी, मी जास्त जेवत नाही, आणि चहा तर पीतच नाही." तिचे कपडे एका कापड दुकानाच्या पिशवीत आहेत, ती पिशवी तिनं दारामागं ठेवलीय आणि वर चपला. मी दोनदा कपाटात लावले तर दुसऱ्या दिवशी परत पिशवीत. रात्री उठून पिशवी आहे का बघते. आमच्या पोरीनं मला विचारलं, "मम्मी, ही माझी बहीण हाय का पाहुणी?" मला काय सांगावं सुचलं नाही. आमचे हे म्हणतात ठेवून घेऊ, दत्तकच घेऊ. ओळखीचे एक वकील म्हणाले पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, तिच्या बापाची सही घेऊ, झालं. भावकीतले म्हणतात स्वतःची पोरगी उजवायची आहे, दुसऱ्याची कशाला गळ्यात घेता. शाळेत बसवलीय पण जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून हजेरीत नाव नाही. काय करू? — एक मामी

उत्तर : मामी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चपलांपाशी थांबले. मी साताऱ्यात काही वर्षं मुलांच्या संस्थेत काम केलंय, तिथं तीन-चार घरं फिरून आलेली मुलं यायची, ती सगळी असंच काहीतरी करायची. एकजण चपाती उशीखाली ठेवायचा, पार बुरशी येईपर्यंत. एक मुलगी बाहेर जायच्या कपड्यांवरच झोपायची. का, तर प्रत्येक वेळी तिला झोपेतून उठवून नेलेलं. तेव्हा पहिलं सांगते, पिशवीला हात लावू नका. तुम्ही मायेनंच कपडे लावता, पण तिला वाटतं हिनं माझी निघायची तयारी मोडली. त्याऐवजी जागा द्या आणि गप्प बसा. तुमच्या मुलीच्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोका, कपाटातली एक फळी रिकामी करून दाखवा, "ही तुझी, तुला वाटेल तेव्हा ठेव, नाही ठेवलं तरी चालेल" एवढंच. मग ती फळी महिना महिना रिकामी राहिली तरी तिथं तुमच्या साड्या सरकवू नका.

आणि तिचं शहाणपण बघून कौतुक करणारे पाहुणे येतील, "किती गुणाची पोर", त्यांना चहा पाजून वाटेला लावा. नऊ वर्षांचं पोर एवढं गुणी असतं ते घाबरलेलं असतं म्हणून. ज्या दिवशी ती दोडक्याच्या भाजीला नाक मुरडेल, तुमच्या मुलीशी कंगव्यावरून भांडेल, त्या दिवशी साताऱ्याहून कंदी पेढे मागवा आणि वाटा, माझ्या नावानं वाटा. "आता हेच तुझं घर" असं दिवसातून चारदा म्हणू नका, हे वाक्य तिनं आधीच्या तीन घरांत ऐकलेलं असणार. तिला तारखा सांगा. मे महिन्यात मामा येणार आहेत तेव्हा आपण शिंगणापूरला जायचं, तुझ्या वाढदिवसाला शाळेत गोळ्या वाटायच्या, असं पुढचं पुढचं बोलत राहा आणि बोललात ते करा. एक गोष्ट चुकूनही करायची नाही, चेष्टेत सुद्धा, "अभ्यास नाही केलास तर पाठवून देईन हं". सासऱ्यांनाही बजावा, म्हाताऱ्या माणसांना ही चेष्टा फार आवडते.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. बहीण का पाहुणी. लहान पोरीनं जे विचारलं तेच उद्या शाळा विचारणार, बँक विचारणार, आणि तुमच्या माघारी भावकी विचारणार. म्हणून कागद नीट करायचा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी ही वकिलांनी सुचवलेली गोष्ट दत्तकविधान नव्हेच. घरात फ्रेम करून लावायला ठीक आहे. दुसरं, आपल्याकडं लोकांना १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तेवढा माहीत असतो, दत्तकपत्र रजिस्टर केलं की झालं. पण त्यात एक मेख आहे, ज्यांना स्वतःची मुलगी हयात आहे त्यांना त्या कायद्यानं दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. तुम्हाला सातवीतली मुलगी आहे, म्हणजे तो रस्ता बंद. भले भले हे विसरतात आणि वीस वर्षांनी वाटणीच्या वेळी दत्तकपत्र रद्दीत जातं.

तुमचा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. त्यात नात्यातलं दत्तक म्हणून वेगळी सोय आहे, आणि नात्यात काका-काकू, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा असे सगळे येतात. मुलगी आधीची असली तरी चालते, आणि दत्तक घेणाऱ्यांच्या वयाची जी अट बाहेरच्या मुलासाठी असते ती नात्यात लागत नाही. सांगलीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, तिथं जा, केंद्राच्या कारा या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते, ती कशी करायची ते तिथंच समजावून घ्या, ऑनलाइन करून देतो म्हणणाऱ्या दुकानात हजार रुपये घालवू नका. मुलीच्या वडिलांची लेखी संमती लागेल. सावत्र आईची लागत नाही, तेव्हा तिच्या दारात रुसवे-फुगवे काढायला जायची गरज नाही. आणि मुलगी पाच वर्षांच्या पुढची आहे म्हणून तिची स्वतःची संमती लागते. मला हे कलम फार आवडतं. त्या पोरीला आजवर चार घरं बदलताना कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आता सरकारी कागदावर विचारणार, जायचंय का म्हणून. आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात किती फेऱ्या होतील ते मी सांगत नाही, तुम्ही कधी सरकारी ऑफिसात गेलाच असाल.

वडील फोनवर "घेऊन टाका" म्हणाले असतील, पण सहीच्या वेळी माणूस बदलतो, विशेषतः कुणी कानात सांगितलं की पोरगी चार वर्षांत कामाला येईल. ते सही देत नसतील आणि नेतही नसतील तर तिला घेऊन सांगलीच्या बाल कल्याण समितीपुढं जा. समिती चौकशी करून मुलीचा ताबा तुमच्याकडं 'योग्य व्यक्ती' म्हणून देऊ शकते. तो दत्तक नव्हे, पण उद्या कुणी दारात येऊन पोरीला ओढून नेऊ लागलं तर दाखवायला कागद असतो. तोवर खर्चाची ओढाताण असेल तर राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचं विचारा, आई किंवा वडील नसलेल्या, नातेवाइकांकडं वाढणाऱ्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेही समितीमार्फतच. दत्तक झालं की मग ती तुमची लेक, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

शाळेचं सोपं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना प्रेमानं सांगा, लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचपावती मागा. पोचपावती मागितली की बरीच कामं होतात.

राहिलं नाव. तुम्हाला माहीत असेल, ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची ही नावं बदलली होती, प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं दिली. जगभरच्या पेपरात आलं. आणि तरी त्यानंतर जन्मलेली एक नकुसा आज तुमच्या दारामागं चपला ठेवतेय. तिला नाव तुम्ही ठेवू नका, मामी. हौसेनं तुमच्या मनात एखादं छान नाव असेल, पण तिला निवडू द्या, वेळ लागला तर लागू द्या, रोज एक नाव वापरून बघू द्या. तुमच्या थोरलीला या कामाला लावा, दोघी मिळून वहीत यादी करतील. दत्तकाचा आदेश झाल्यावर जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावं येतात, तेव्हाच नवं नावही घालायचं बघा, म्हणजे दोनदा फेऱ्या नकोत.

एक राहिलंच होतं, लिहिता लिहिता आठवलं. तिच्या दोन थोरल्या बहिणी. दत्तक झालं की कायद्यानं जन्माच्या घराशी नातं तुटतं, पण कायदा कुणाला फोन करायला बंदी करत नाही. त्या दोघींशी तिचं बोलणं चालू ठेवा. वडिलांवर राग आहे म्हणून बहिणी तोडू नका. भावकीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला विचाराल तर काहीच सांगू नका, मुलगी उजवायला पैसे लागतात हे त्यांना ज्या दिवशी वाटायचं बंद होईल त्या दिवशी नकुसा नाव पण बंद होईल.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात राहते, आमच्या वरच्या खोलीत एक एकवीस वर्षांची मुलगी भाड्यानं राहते, एमआयडीसीत कामाला आहे. तिला आठवा महिना आहे. मुलगा पळाला, नंबर बंद. तिच्या घरी काहीच माहीत नाही, कळलं तर मारतील म्हणते. तिला बाळ ठेवायचं नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्या म्हणतात त्यांच्याकडं एक चांगलं जोडपं आहे, दवाखान्यातच त्यांच्या नावावर बाळंतपण दाखवायचं, बाळाला चांगलं घर मिळेल आणि हिला तीन लाख देतील. मला पोटात गोळा येतो पण वाटतं बाळाचं तरी कल्याण होईल. चूक होईल का? — घरमालकीण

उत्तर : हो, चूक होईल, आणि साधी नाही, जेलात जायची. ते जोडपं कितीही चांगलं असू दे, त्या बाईंची वाक्यं मी आधीही ऐकलीत, शब्दाला शब्द. मूल विकणं किंवा विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि ज्यांच्या ताब्यात बाळ असतं अशा दवाखान्यातल्या माणसानं हात घातला तर त्याला तीन ते सात वर्षं. यात ती मुलगी अडकेल, तुम्ही अडकाल, ओळखीची बाई फोन बंद करून बसेल. शिवाय ज्या बाळाचा जन्मच खोट्या नावावर लिहिला जाईल त्याला मोठेपणी आपलं खरं मूळ सापडणार कुठून?

तिला एक वाटही आहे आणि ती अगदी कायदेशीर आहे, बाळ समर्पित करणं. मला तो शब्दच बरा वाटतो, टाकणं नाही, समर्पण. बाळंतपण दवाखान्यातच होऊ द्या, खऱ्या नावानं. नंतर बाल कल्याण समितीपुढं तिनं सांगायचं की मी सांभाळू शकत नाही. लग्न झालेलं नाही म्हणून एकट्या आईची सही चालते, त्या पळालेल्याला शोधत बसायला नको. समिती आधी तिच्याशी बोलते, समुपदेशन करते, मग समर्पणाच्या कागदावर सही होते आणि त्यानंतरही दोन महिने तिला विचार बदलायची मुभा असते. साठ दिवसांत ती म्हणाली मला माझं बाळ हवं, तर ते तिला परत मिळू शकतं. तीन लाख देणारी बाई देईल का परत? हे सगळं गुपचूप राहतं, बाळाची ओळख छापायला कायद्यानं बंदी आहे.

घाबरून ती पोर रात्री बाळ कुठंतरी एसटी स्टँडवर ठेवून येईल ही मला खरी भीती आहे. तसं करणं गुन्हा आहे, बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर सोडलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण शिक्षेचं सोडा, कुत्री असतात हो, आणि डिसेंबरातली थंडी. म्हणून तिच्या मोबाईलमध्ये आजच १०९८ नंबर सेव्ह करून द्या. मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, फुकट, रात्री तीनला पण. दत्तक देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांच्या दाराशी पाळणा ठेवलेला असतो, अगदीच काही जमलं नाही तर तो पाळणा. आणि परिस्थितीनं हात बांधलेल्या आई-बापानं मूल सोडलं तर त्याला मुद्दाम टाकलं असं धरू नये, असंही बाल न्याय कायद्यात लिहिलंय. हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आपण सातारकर उठताबसता सावित्रीबाईंचं नाव घेतो, नायगावची आपल्या जिल्ह्याची लेक म्हणून तीन जानेवारीला हार घालतो. त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात घरच उघडलं होतं ते अशाच अडलेल्या बायकांसाठी, या आणि सुखरूप बाळंत व्हा म्हणून. १८७४ मध्ये काशीबाई नावाची विधवा तिथं आली, तिचा मुलगा या दोघांनी दत्तक घेतला, यशवंत, पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या तेव्हा दवाखाना त्याचाच होता. तेव्हा तुम्ही खालच्या मजल्यावरून वर जेवणाचा डबा पाठवता ना त्या पोरीला, तो चालू ठेवा, भाडं दोन महिने थांबलं तर थांबू द्या, आणि समितीकडं जाताना तिच्यासोबत जा. एकटीला पाठवू नका.

प्रश्न : आम्ही कराडचे, माझं वय ३८ आणि मिस्टरांचं ४१, लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. दत्तकाचा विचार आहे पण सासूबाई म्हणतात दत्तकाला रक्ताची ओढ नसते, आणि घ्यायचंच तर मुलगा, आपल्याच जातीचा आणि गोरा बघा. बाळच मिळेल ना आम्हाला?

उत्तर : दोघांच्या वयाची बेरीज ७९. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५ पर्यंत चालते, म्हणजे मिळू शकतं, पण नोंदणी लांबवू नका, रांग मोठी आहे आणि वर्षं जातात. मूल सुचवलं की ४८ तासांत हो-नाही कळवायचं असतं, त्या ४८ तासांत सासूबाईंना फोटो दाखवून रंग ठरवत बसलात तर मूल पुढच्या घरी जाईल, आणि बरंच होईल त्याचं. जात विचारायचीच नसते. मुलगा हवा की मुलगी हे फॉर्मवर सांगता येतं, पण मी म्हणेन कोणीही चालेल लिहा. थोडं मोठं मूल घ्यायची तयारी असेल तर तोही विचार करा, चार-पाच वर्षांचं पोर संस्थेच्या खिडकीत उभं राहून बघतं आणि येणारे सगळे पाळण्याकडं जातात, हे मी रोज बघितलंय.

रक्ताचं म्हणाल तर सासूबाईंना जरा इतिहास आठवून द्या. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, त्यांनी दत्तक घेतलेला होता, आणि दत्तक नामंजूर म्हणून साताऱ्याचं राज्यच खालसा करणारा तो डलहौसी. सासूबाईंना त्याच्या पंगतीला कशाला बसवताय.

प्रश्न : मी सांगलीची, तेवीस वर्षांची. मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात एका मावशीनं सहज बोलता बोलता सांगितलं की मी दत्तक आहे. सगळ्यांना माहीत होतं, मलाच नाही. घरी आल्यापासून मी आईशी नीट बोललेले नाही. मला जन्म देणारीला शोधायचंय, तिला एकच विचारायचंय की मी नको का झाले. कायद्यानं शोधता येतं का?

उत्तर : बाळा, अठरा पूर्ण झालेत म्हणजे तुझा अर्ज तू स्वतः करू शकतेस, ज्या संस्थेतून तुला आणलं तिथं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात. पण हे आधीच माहीत असू दे की जन्म देणाऱ्या आईची ओळख गुप्त राहण्याचा हक्क तिचा आहे, तिची तयारी नसेल तर नाव-पत्ता देत नाहीत. कधीकधी फाईलमधून एवढंच हाती येतं, अमुक महिन्यात, अमुक वजनाचं, कशात गुंडाळलेलं होतं. त्यातही "मी नको का झाले" याचं उत्तर नसतं. वरचं पत्र वाच, साताऱ्याच्या खोलीतल्या मुलीचं. मला तर तिच्यात नको असलेलं बाळ कुठं दिसलं नाही, नको असलेली परिस्थिती दिसली. तुझी आई तशीच होती असं मी म्हणत नाही, मला काय माहीत. पण असूही शकते.

मावशीचा मला राग आला. आणि खरं सांगू, तुझ्या आईवडिलांचाही थोडा आला, तेवीस वर्षं कशाला थांबले, चार वर्षांच्या पोराला गोष्टीसारखं सांगितलं तर ते पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांग म्हणून मागं लागतं, मी बघितलंय. भीती असते गं त्यांना, सांगितलं की पोर जाईल.

अर्ज कर, जरूर कर. त्याआधी एक कर. सांगलीतच एक घर मला माहीत आहे, तिथं पत्र्याच्या पेटीत एक पिवळं झबलं जपून ठेवलंय, त्यात डांबराच्या गोळ्या घातलेल्या, मुलगी आणली तेव्हा तिच्या अंगावर तेच होतं. दरवर्षी मे महिन्यात उन्हात घालतात. तुझ्या घरी पेटी असेल, नसेल. आईशी नीट बोलणं होत नाही म्हणतेस, तर मोठं काही विचारू नकोस. मला आणलंत तेव्हा माझ्या अंगावर काय होतं, एवढंच विचार.